एप्रिलमधला वर्ग: सातवीच्या एका शिक्षकांच्या प्रश्नाला उत्तर

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. हिंगणा रोडकडच्या शाळेत तुमचं दुसरं वर्ष, सातवीचा वर्ग, पटावर ४४ मुलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अभ्यासक्रम संपला, शाळा सकाळची झाली आणि तेव्हापासून वर्ग हातात राहिलेला नाही. रोज दहा-बारा मुलं गैरहजर. येतात त्यांचं लक्ष खिडकीबाहेर. उजळणी काढली की "हे तर झालं ना सर" म्हणतात. तुम्ही चॉकलेटं आणली, फलकावर गटांना चांदण्या दिल्या, चार दिवस चाललं आणि थांबलं. आता परीक्षेपर्यंत मुलांचा उत्साह टिकवायचा कसा, असं तुम्ही विचारता.

मी पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत २६ वर्षं गणित आणि विज्ञान शिकवते आहे, बहुतेक सहावी ते आठवीला. पुढचं सगळं त्या वर्गांमधून आलेलं आहे. तुमच्याकडे दुसरी असती तर मी वेगळं लिहिलं असतं, नववी असती तर त्याहून वेगळं. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आणि गरज पडली तर पुनर्परीक्षा आहे, त्यामुळे तिथे मुलांच्या आणि पालकांच्या मनात थोडी धाकधूक असते आणि ती वर्गाला ओढून धरते. सातवीला तोही आधार नाही. वरच्या वर्गात जाणार हे मुलांना माहीत असतं. म्हणून सातवीचा एप्रिल शिक्षकाला जास्त जड जातो, आणि तुमची दमछाक मला अगदी खरी वाटते.

पण मुलांचा उत्साह हा मूळ प्रश्न आहे, असं मला वाटत नाही. वर्गातलं काम संपलं आहे हे मुलांना कळलेलं आहे, आणि ते त्यांना आपणच कळवलेलं असतं.

हे मला नोकरीच्या सहाव्या वर्षी समजलं. त्या वर्षी मी फेब्रुवारीच्या शेवटीच पुस्तक संपवलं आणि स्टाफरूममध्ये ते अभिमानाने सांगितलं. मार्चभर मी वर्गात जाऊन म्हणायचे, "धडा चौथा काढा, स्वाध्याय पुन्हा सोडवा," आणि टेबलाशी बसून वह्या तपासायचे, गुणांचे तक्ते भरायचे. पंधरवड्यात वर्गाचा बाजार झाला. एक दिवस मी खूप ओरडले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. उद्धट मुलगा नव्हता तो, त्याला खरंच प्रश्न पडला होता. म्हणाला, "मॅडम, पण तुम्हीच तर शिकवून नाही राहिल्या आता." मी काही बोलू शकले नाही. त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. वर्गातून आधी मी निघून गेले होते, मुलं माझ्या मागून बाहेर पडली होती.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळते. वर्षातला सगळ्यात हाताळण्याजोगा धडा मी शेवटासाठी राखून ठेवते. सातवीच्या विज्ञानात माझ्यासाठी तो उष्णतेचा धडा. पुस्तकात तो कुठेही असो, मी तो मार्चअखेर सुरू करते, कारण तेव्हा तो धडा नागपुरात वर्गाच्या बाहेर पेटलेला असतो. तुमचा अभ्यासक्रम संपलेला असल्यामुळे यंदा तुम्हाला काही राखून ठेवता येणार नाही. पण एखादा धडा नुसता वाचून आणि फलकावर आकृती काढून झाला असेल. घाईत प्रत्येकाचा एखादा तसा होतो. तो पुन्हा उघडा. मुलांना स्पष्ट सांगा की हा आपण वाचला, पण करून पाहिला नाही, आता करू. मी हे सांगते तेव्हा "झालं ना मॅडम" असं कुणी म्हणत नाही.

काय करून पाहायचं, याचं एक उदाहरण जरा सविस्तर देते, कारण माझ्या एप्रिलचा कणा तेच आहे.

आपली मुलं जन्मापासून कूलर बघतात. मार्चमध्ये तो माळ्यावरून उतरतो, जाळ्यांमधलं जुनं गवत काढून नवं भरलं जातं, पहिल्या दिवशीचा तो ओल्या गवताचा वास घरभर होतो. मी वर्गाला एवढंच विचारते: कूलर बाहेरची गरम हवाच आत ओढतो, मग ती गार कशी होते? उत्तर येतं, "पाण्यामुळे." मग खोलीत बादलीभर पाणी नुसतं ठेवलं तर खोली गार होईल का? इथे वर्ग थबकतो. आणि तिसरा प्रश्न: जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तोच कूलर, तेच पाणी, पण अंगाला चिकचिक का होते? मी उत्तर देत नाही. प्रयोगशाळेतले दोन थर्मामीटर आणते. एकाचा फुगा कोरडा ठेवते, दुसऱ्याच्या फुग्याला ओल्या सुती फडक्याची पट्टी गुंडाळते, आणि दोन्ही पंख्याखाली टांगते. साडेसातला, साडेनऊला आणि अकराला दोन-दोन मुलं वाचन घेतात आणि भिंतीवरच्या कार्डशीटवर लिहितात. एका वर्षी अकराच्या वाचनात कोरडा ३७ वर होता आणि ओला २४ वर. तेरा अंशांचा फरक बघून मुलांनी फडकं काढून थर्मामीटर बिघडला आहे का ते तपासलं. मग एका मुलीने विचारलं, "मॅडम, सकाळी फरक इतका कमी काहून आहे?" त्या एका प्रश्नावर आमचे दोन तास गेले. पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेतं, हवा कोरडी असेल तर वाफ भराभर होते, हवेत आधीच बाष्प भरपूर असेल तर ती फार हळू होते. म्हणूनच कूलर नागपूरला मे महिन्यात चालतो आणि मुंबईला दमट हवेत फारसा उपयोगी पडत नाही. हे वाक्य मी सांगितलं असतं तर मुलांनी ते वहीत लिहून घेतलं असतं. त्या वर्षी ते त्यांनी मला सांगितलं.

याच तक्त्यातून गणित निघतं. आठवड्याची सरासरी, आलेख, वाढ किती टक्के. विजेचा हिशोब करता येतो: २०० वॅटचा कूलर दिवसाला १० तास चालला तर २ युनिट, महिन्याला ६०. दीड हजार वॅटचा एसी तितकाच वेळ सलग पूर्ण भाराने चालला तर दिवसालाच १५. इथे एक काळजी घ्या, ती मी चूक करून शिकले. एकदा मी विचारलं, "कुणाकुणाकडे कूलर आहे? हात वर करा." एका मुलीने हात वर केला, आणि पुढे मला कळलं की तिच्या घरी कूलर नव्हता, एक टेबलफॅन होता, तोही बंद पडलेला. तेव्हापासून मी आकडे फलकावर देते. कुणाच्या घरात काय आहे ते वर्गात विचारत नाही.

आता उजळणीबद्दल. परीक्षा आहे, उजळणी टाळता येणार नाही. पण धडा पुन्हा वाचणं ही सगळ्यात कमी उपयोगाची उजळणी आहे, आणि मुलांना ती मनोमन कळते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. माझ्या वर्गात मला हेच दिसत आलं आहे. म्हणून पुस्तक मिटून, पाठकोऱ्या कागदावर पाच मिनिटं: "अपूर्णांकांबद्दल आठवतं ते सगळं लिहा." मग शेजाऱ्याशी कागद बदला, राहिलेलं भरा, आणि शेवटी पुस्तक उघडा. पंधरा मिनिटांत संपतं. मला तपासावं लागत नाही.

याहून मला प्रिय असलेली उजळणी म्हणजे आमची चुकांची वही. एप्रिलमध्ये प्रत्येक मूल या वर्षी स्वतः केलेली एक चूक निवडतं आणि ती का झाली, कशी सुधारली, हे एका पानावर लिहितं. वाचणार कोण, ते आधीच ठरलेलं असतं: सध्या सहावीत असलेली आणि जूनमध्ये सातवीत येणारी मुलं. वही वर्गाच्या कपाटात राहते आणि पुढच्या वर्षी मी ती खरोखर वापरते. मुलांना माहीत असतं की वापरते, कारण वर्षभर त्यांनी आधीच्या बॅचची वही हाताळलेली असते.

एका मुलाने लिहिलं होतं की त्याला –३ – ५ चं उत्तर नेहमी +८ यायचं, कारण "वजा वजा अधिक" त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तो नियम गुणाकाराचा आहे हे मी दहा वेळा सांगितलं असेल. त्याने सहावीच्या मुलांसाठी असं लिहिलं: "तीन रुपये उधारी होती, अजून पाच उधार घेतले, तर मी आठ रुपयांचा मालक कसा होईन?" एका मुलीने १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिण्याची चूक निवडली होती. तिने खाली पोळीचं चित्र काढून लिहिलं की २/५ हे अर्ध्यापेक्षा कमी असतं, म्हणजे अर्ध्या पोळीत अजून तुकडा घातल्यावर पोळी कमी झाली, असं होईल का? छेद समान करण्याची रीत मी तिला शिकवली होती. उत्तर आल्यावर ते पटण्यासारखं आहे का हे तपासायला मात्र ती स्वतः शिकली होती, त्या पानावर. हुशार मुलांनाही या कामात खरा विचार करावा लागतो. ज्यांच्या खूप चुका झाल्या त्यांच्याकडे निवडायला जास्त असतं, आणि वर्षात पहिल्यांदा ती मुलं वर्गातली श्रीमंत मुलं असतात.

शेवटच्या आठवड्यात एक दिवस सकाळी आठला सहावीचा वर्ग अंगणातल्या कडुनिंबाखाली येतो. सातवीतलं एक मूल, सहावीतलं एक, आणि मध्ये ते पान. गोंगाट भरपूर होतो. पहिल्या वर्षी मुख्याध्यापकांना तो आवडला नाही. मी त्यांना दोन जोड्यांच्या बाजूला बसून ऐकायला सांगितलं, आणि त्यानंतर त्यांनी कधी हरकत घेतली नाही. तुमच्या शाळेत अंगण नसेल किंवा सहावीचे शिक्षक तयार नसतील, तर तुमच्याच वर्गात दोन गट करूनही जमतं, फक्त मजा थोडी कमी येते.

चॉकलेटांबद्दल मी स्पष्टच लिहिते. ती बंद करा. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्र काढण्याची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग केला होता. चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळेत चित्रांकडे कमी वळली. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र मिळालं, त्यांच्यात अशी घट झाली नाही. तुमच्या वर्गात चौथ्या दिवशी हेच झालं. आज काय मिळणार, हा हिशोब सुरू झाला आणि कामाला स्वतःची किंमत उरली नाही. शेवटच्या दिवशी काही न बोलता सगळ्यांना एकेक संत्रा गोळी द्या, ती गोष्ट वेगळी.

उन्हाचा मुद्दा तुम्ही एका ओळीत लिहिला, पण तो अर्धा प्रश्न आहे. सकाळच्या शाळेत अकरानंतर पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या वर्गात चाळीस मुलं बसली की शरीरच नको म्हणतं. "गर्मी होऊन राहिली सर" हा बहाणा नसतो. म्हणून डोकं लागणारं काम पहिल्या दोन तासिकांत उरका. मधली सुट्टी झाल्यावर हाताचं काम द्या: मोजणं, कापणं, आलेख काढणं. शेवटच्या तासिकेला मी मोठ्याने गोष्ट वाचते, रोज एक भाग, आणि उत्सुकतेच्या जागी थांबते. वेळापत्रक तुमच्या हातात नसेल तर ज्या शिक्षकांच्या तासिका आधी आहेत त्यांच्याशी अदलाबदल मागा. एप्रिलमध्ये लोक सहसा देतात. पाणी प्यायला हात वर करून परवानगी मागायची पद्धत या दोन महिन्यांपुरती काढून टाका.

गैरहजेरीचं उत्तर मात्र कारणावर अवलंबून आहे, आणि ते कारण तुम्हालाच शोधावं लागेल. तुमच्याकडे एमआयडीसीत काम करणाऱ्या कुटुंबांची मुलं बरीच असतील. घरातल्यांची सुट्टी आणि गावाकडची लग्नं जुळली की ती कुटुंबं गावी जातात. रामटेक-देवलापारच्या बाजूला शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या वर्गात एप्रिलमध्ये मुलं पहाटे मोहफुलं वेचायला जातात, आणि त्या घरांना त्या पैशाची गरज असते. अशा मुलाला परत आल्यावर सगळ्यांसमोर जाब विचारला तर ते दुसऱ्या दिवशीही येत नाही. मी दोनच गोष्टी करते. रोजचं काम त्याच दिवशी पूर्ण होईल एवढं ठेवते, म्हणजे चार दिवसांनी आलेलं मूल त्याच सकाळी सामील होऊ शकतं. आणि वाचनाची जोडी ठरलेली असते. "बुधवारी साडेनऊचं वाचन तुझं आहे," हे वाक्य काही मुलांना खरंच शाळेत आणतं. नुसतं कंटाळून घरी राहणाऱ्यांवर हे लागू पडतं. गावी गेलेल्यांवर नाही, आणि ते मनाला लावून घेऊ नका. तसंच १४ एप्रिलचा विचार आधीच करा. आपल्या शहरात आदल्या रात्रीपासून वस्त्या जाग्या असतात, दीक्षाभूमीवर घरंच्या घरं जातात. १५ तारखेला मुलं झोपाळलेली आणि कमी येणार. त्या दिवशी नवीन काही सुरू करू नका, त्यांनी काय पाहिलं ते ऐका.

आणि तुमचं स्वतःचं दमणं. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, पण गुणनोंदी, प्रगतिपत्रकं, वरून मागवली जाणारी माहिती हे सगळं याच दिवसांत येतं. म्हणून वह्यांचा नवा ढीग तयार होईल असं कुठलंही काम आता काढू नका. मी वर लिहिलेल्यांपैकी एकही काम घरी नेऊन तपासावं लागत नाही. त्यामुळे वाचलेली ताकद मी वर्गात उभं राहून फिरण्यासाठी ठेवते. त्या मुलाच्या वाक्यानंतर मार्च-एप्रिलमध्ये मी वर्गात खुर्चीवर बसून कागद भरणं सोडलं.

तुमच्याकडे साधारण तीन आठवडे आहेत. सोमवारी पहिल्या तासिकेला कूलरचे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर देऊ नका. मंगळवारपासून वाचनं सुरू करा, जोड्यांची यादी भिंतीवर लावा. गुरुवारी पुस्तक मिटून पाच मिनिटांची पहिली उजळणी. चुकांची वही दुसऱ्या आठवड्यात आणा, पहिल्यात नको. आधी तुमची स्वतःची विद्यार्थी असतानाची एक चूक लिहून वाचून दाखवा, मगच मुलं मोकळेपणाने लिहितील.

तक्त्यावर सुरुवातीलाच एक शेवटचा रकाना आखून ठेवा, त्यावर "जून" लिहा आणि तो कोरा ठेवा. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, आणि तोवर बहुतेक वर्षी पाऊस आलेला असतो. मी तक्ता जपून ठेवते. आठवीत गेलेली मुलं पहिल्या आठवड्यात येऊन तो रकाना भरतात. मागच्या खेपेला फरक तीनच अंश आला होता, आणि कूलर का चिकचिक करतो हे मला कुणी विचारलं नाही.

प्रयोगशाळेत दोन थर्मामीटर नसतील तर एकावर भागतं. आधी कोरडं वाचन घ्या, मग फडकं गुंडाळून पंख्याखाली पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा वाचा. फडकं जुनं धुतलेलं सुती घ्या, नवं कापड पाणी नीट धरत नाही. थर्मामीटर पाऱ्याचा असेल तर तो टांगण्याचं काम स्वतःच करा.